गाडीला तारल्याचं तेल

आमच्या गाडीवर वाडीतल्या मांजरांचा भारी जीव आहे. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, गाडी उभी राहिली की तिच्या पोटाखाली दोन-तीन मांजरं तरी पाय पोटाशी घेऊन बसलेली असतात. त्यातला काळा बोका पुढच्या चाकाआड अशा थाटात बसतो की गाडी त्याच्या बापाच्या नावावर आहे असं वाटावं. इतर लोक गाडी सुरू करण्याआधी आरसा नीट करतात, पट्टा लावतात. मी आधी खाली वाकून मांजरं हाकलते. पाहुण्यांनी कारण विचारलं की मी सांगते, गाडीला आम्ही तारल्याचं तेल लावलंय. त्यांना वाटतं मी थट्टा करतेय. थट्टा करायची मला खोड आहे हे खरं, पण ही थट्टा नाही.

गाडी सात माणसांची, उंच, डिझेलवर चालणारी. माझे सासरे बोटीवरची नोकरी संपवून कायमचे घरी आले तेव्हा त्यांनी ती घेतली. जन्मभर ते मोठ्या बोटींच्या इंजिन रूममध्ये फिटर होते, त्यामुळे ही गाडी त्यांनी कधी गॅरेजला नेलीच नाही. गॅरेजचं नाव काढलं की त्यांचा चेहरा असा होई, जसा आमच्याकडे कुणी विकतचा मसाला आणला की सासूबाईंचा होतो. बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात त्यांचे पाने, पकडी आणि हातोड्या. त्यातली कुठली हत्यारं कुठल्या बोटीवरून आली हे विचारायचं नाही, असा घरचा अलिखित कायदा.

घर कर्ली खाडीच्या काठाला, मालवणपासून थोडं आत. घरात आम्ही तिघंच. नवरा मुंबईला नोकरीला, तो गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात येतो. सासरे, सासूबाई आणि मी. मी गावच्या बालवाडीत शिकवते. दुपारी घरी आले की सासरे खळ्यात गाडीचं बॉनेट उघडून उभे असत आणि मी त्यांच्यासमोर चहा ठेवून आत जाई. लग्न होऊन आले तेव्हापासून गाडीशी माझा संबंध एवढाच: त्यात बसायचं, पुढे ती चालवायला शिकले आणि सासऱ्यांच्या शेजारी बसून शिव्या खात चालवायची. मागच्या सीटखाली दरवर्षी मुंबईच्या नणंदांसाठी कोकमाच्या आगळाचे कॅन चढवायचे, तेही काम माझंच.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. आधी चहाची बशी वाजायची, नंतर चहा सांडायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. सासऱ्यांनी त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लावला नाही, पण थरथरीबद्दल घरात एक शब्द काढू दिला नाही. फार तर म्हणत, बोटीच्या इंजिनाचं व्हायब्रेशन इतकी वर्षं अंगात भरलंय, ते आता बाहेर पडतंय. आम्ही दोघी हसायचो, आणि विषय तिथेच संपायचा.

एक दिवस मी बालवाडीतून आले तर ते बॉनेटखाली वाकलेले होते आणि तोंडाने जे काही चाललं होतं ते बालवाडीच्या बाईने ऐकण्यासारखं नव्हतं. गाडी सुरू होत नव्हती. डिझेलच्या पाइपात हवा शिरली होती. अशा वेळी फिल्टरवरचा एक छोटा स्क्रू सैल करून हाताच्या पंपाने हवा काढतात, ते त्यांनी आजवर डोळे मिटून केलेलं काम. आज स्क्रू त्यांच्या बोटांतून निसटून आत कुठेतरी पडला होता. त्यांनी दोऱ्याला लोहचुंबक बांधून तो काढला, लावायला गेले, परत पडला. पुन्हा काढला, पुन्हा पडला. मग ते पायरीवर जाऊन बसले, आणि हात दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये दाबून धरले. मला ते बघवेना. मी पदर खोचला, तो स्क्रू उचलला आणि म्हटलं, बाबा, कुठे लावायचा ते फक्त सांगा.

ते उठून माझ्या शेजारी आले. मग म्हणाले, "धर गो. डाव्या हाताची बोटां आत घाल. घाई करा नको."

मी घाई केली आणि स्क्रू परत पडला. पण नंतर लागला. मी पंप दाबत राहिले, बुडबुडे येत राहिले, मग बुडबुडे थांबून स्वच्छ डिझेल आलं. ते म्हणाले, आवळ. चावी फिरवल्यावर गाडीने धूर सोडला, खाकरली आणि सुरू झाली. मला इतका आनंद झाला की मी चक्क टाळ्या वाजवल्या, बालवाडीत एखाद्या पोराने धडपडत कविता म्हणून संपवली की वाजवते तशा. सासरे म्हणाले, आता टाळ्या पुरे, हात डिझेलचे आहेत.

त्या दिवसापासून मी त्यांचे हात झाले. ते स्टुलावर बसत, मी गाडीखाली गोणपाट टाकून आडवी होई. सुरुवातीला त्यांनी बाराचा पाना सांगितला की मी चौदाचा उचलायची. मग मापं बोटांना कळायला लागली. ऑइल बदलणं, हवेचा फिल्टर झटकणं, ब्रेक उघडून घासलेले पॅड काढणं, हे सगळं मी शिकले. आणि खरं सांगते, मला ते आवडायला लागलं. पोळी फुगली तर कुणी विचारत नाही. पण ब्रेकची कुरकुर बंद झाली की आख्खी वाडी ऐकते, म्हणजे खरं तर ऐकत नाही, आणि तीच मजा.

आता अडचण अशी होती की गाडीची पंधरा वर्षं भरत आली होती. पंधरा वर्षांनी गाडी ओरोसला परिवहन कार्यालयात तपासायला न्यावी लागते. पास झाली तर पुढे चालते, नाहीतर भंगारात. नवऱ्याचा फोन आला, बाबांना सांग, काढून टाका आता, कशाला त्रास. मी म्हटलं, हे तू तुझ्या बापाला सांग, माझ्या तोंडून नको वदवून घेऊस. त्याने सांगितलं नाही. सांगायची हिंमत कोणातच नव्हती, कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की सासरे सकाळी उठतात ते गाडीसाठी. गाडी गेली तर ते पडवीत खुर्चीवर बसतील आणि खाडीकडे बघत राहतील. त्यांच्याबरोबरचे असे बसलेले दोघे-तिघे मी वाडीत बघितले होते, आणि एकदा बसल्यावर ते फार दिवस बसले नाहीत. मला भीती त्याची होती.

तेव्हा ठरलं, गाडी पास करायची. आम्ही दोघं पदर खोचून मागे लागलो, म्हणजे मी पदर खोचून आणि ते लुंगी. पिवळट पडलेले पुढचे दिवे दंतमंजन लावून घासले, ते नव्यासारखे झाले. हँडब्रेकची तार ओढून घेतली. हॉर्नच्या तारा उंदरांनी खाल्लेल्या, त्या जोडल्या. पण खरा शत्रू गंज. आमच्याकडची हवा खारी, ती लोखंडाला जगू देत नाही. त्यात चालकाच्या सीटमागे तळाच्या पत्र्याला पंजाएवढं भोक पडलं होतं. सासूबाई मागे बसल्या की पायाखालून पळणारा रस्ता बघत आणि कुठे काय वाळत घातलंय ते आम्हाला सांगत. सासऱ्यांचं म्हणणं, माझ्या आगळाच्या कॅनने पत्रा खाल्ला, कारण आगळ आंबट आणि वर मिठाचं. माझं म्हणणं, खाडीची हवा खाते ते दिसत नाही आणि माझं आगळ तेवढं दिसतं. हा वाद अजून मिटलेला नाही आणि मिटावा असं दोघांनाही वाटत नाही.

गाडीखाली नीट शिरता यावं म्हणून आम्ही खळ्यात चिऱ्यांच्या दोन उतरत्या रांगा रचल्या आणि गाडी त्यावर चढवायची ठरवली. चालवणार मी. सासरे पुढे उभे राहून बोटीवरच्या हुकमांत बोलायला लागले. स्लो अहेड. स्लो अहेड म्हटलं ना. स्टॉप. मी स्टॉप केलं तर एक चाक चिऱ्यावर आणि एक हवेत. मग फुल अस्टर्न, म्हणजे पूर्ण मागे. मी मागे गेले ती थेट सासूबाईंच्या मिरच्या वाळत घातलेल्या सुपापर्यंत. सुपाला काही झालं नाही, पण सासूबाईंनी ते उचलून आत नेलं आणि गाडी वर चढेपर्यंत दारातून हलल्या नाहीत.

मग गंज काढणं. बोटीवर गंज खरवडायला एक चपट्या तोंडाची हातोडी असते, ती सासऱ्यांच्या डब्यात होतीच. बोटीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसं नुसती हेच करतात म्हणे, ठोकायचं, खरवडायचं, रंग लावायचा, आणि एका टोकाचं संपेपर्यंत दुसऱ्या टोकाला गंज आलेला असतो. मी गाडीखाली पडून ठोकत होते, गंजाच्या खपल्या माझ्या तोंडावर पडत होत्या आणि वरून ते आवाजावरून सांगत होते, हयसर बरा आसा, पुढे जा, हयसर पोकळ वाजता, ठोक. भोकासाठी पत्रा हवा होता. सासरे ज्या पत्र्याच्या पेटीत कपडे भरून पहिल्यांदा बोटीवर गेले होते, तिचं झाकण त्यांनी स्वतःच पुढे केलं. मी कापलं, रिव्हेट मारून बसवलं. सासूबाईंचा रस्ता बघायचा कार्यक्रम त्या दिवसापासून बंद पडला.

आणि मग त्यांना ते तेल आठवलं. त्यांचा एक जुना सोबती, लहानपणापासूनचा, खाडीच्या तोंडाशी राहणारा मच्छीमार. पूर्वी लाकडी होड्या होत्या तेव्हा पाणी आणि किडा लागू नये म्हणून होडीला बाहेरून तारल्याचं तेल फासत. तारली म्हणजे चरबीने भरलेला छोटा मासा, त्याचं उकळून काढलेलं तेल. आता सगळ्या होड्या फायबरच्या, त्यामुळे त्याच्या माळ्यावर तेलाचा एक डबा कित्येक वर्षं तसाच पडून होता. सासऱ्यांचं गणित सरळ होतं: जे खाऱ्या पाण्यात होडीला वाचवतं ते खाऱ्या हवेत गाडीला वाचवेल. ऐकायला मलाही पटलं. सांगायचं तर अजूनही पटतं, कारण त्यानंतर खाली गंजाचा एक डाग आलेला नाही.

डबा घरी आणून उघडला तेव्हा परसातल्या कोंबड्या लांब पळाल्या. नारळाचं सोडण ठेचून त्याचा कुंचा केला आणि मी गाडीखाली शिरून तळ, चेसिस, दारांच्या आतल्या कडा, सगळं फासून काढलं. तेल कुंच्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर आणि तिथून केसांत. तीनदा शिकेकाईने न्हाले तरी दुसऱ्या दिवशी बालवाडीतली एक मुलगी माझ्या मांडीवर बसून म्हणाली, बाई, आज तुमच्याकडे जेवणात तारल्याचं तिखलं आहे ना? संध्याकाळपर्यंत पहिलं मांजर आलं. सासरे स्टुलावर बसून हसत होते, इतके की त्यांचे हात हसण्याने हलताहेत की आपसूक, ते कळत नव्हतं.

फक्त सासूबाई हसत नव्हत्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, नाकाला पदर लावला आणि निकाल दिला, "ही गाडी आता शिवराक नाय."

मालवणीत शिवराक म्हणजे शाकाहारी. आमच्या घरात मासे म्हणजे जीव की प्राण, पण सोमवार शिवराक. सोमवारची भांडी वेगळी, तवा वेगळा, पळी वेगळी. माशाचा हात लागलेलं काही सोमवारी देवापुढे जाणार नाही. आणि गाडीच्या तपासणीचा दिवस मोबाइलवर आला तो नेमका सोमवार.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं, गाडी थोडीच देवापुढे न्यायची होती? पण आमच्याकडे मोठ्या कामाला निघताना देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला हाक मारून काय हवंय ते मोठ्याने सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. देवळात हे पुरुष घालतात, पण आमच्या घरात सासूबाई घालतात, कारण सासरे बोटीवर जायला निघत तेव्हा घरात दुसरं मोठं माणूसच नव्हतं. त्यांनी गाऱ्हाणं घालायचं, नारळ वाढवायचा, मग सासऱ्यांनी पाऊल उचलायचं. एकाही फेरीला हे चुकलेलं नाही. आता सासूबाई म्हणाल्या, सोमवारी माशाने माखलेल्या गाडीपुढे मी नारळ फोडणार नाही. सासरे म्हणाले, गाऱ्हाणं नसेल तर मी निघणार नाही. दोघंही एकमेकांशी न बोलता हे मला सांगत होते, एक स्वयंपाकघरातून आणि एक खळ्यातून.

रविवारी मी सोडा, चिंच, राख, बेसन, जे जे माशाचं भांडं घासायला वापरतात ते सगळं लावून गाडी धुतली. वास गेला नाही, उलट चिंच घातल्यामुळे कालवणाचा यायला लागला. संध्याकाळी माझा संयम संपला. तो तसाही फार नसतो. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मोठ्याने म्हटलं की मग तिला गाडी म्हणूच नका, होडी म्हणा. नारळी पुनवेला सगळं गाव होड्यांपुढे नारळ फोडतं, तेव्हा श्रावण असतो. त्या होड्या काय शिवराक असतात? त्या तर पिढ्यान्‌पिढ्या माशांत न्हालेल्या. सासूबाई नारळ खोवत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मी तरातरा बाहेर आले आणि त्या बोक्याला उगाच एक दगड मारला. लागला नाही.

सोमवारी सकाळी मी आंघोळ करून येते तो सासूबाई धुवट लुगडं नेसून खळ्यात उभ्या. हातात नारळ. तोंड गाडीकडे नाही, खाडीकडे, जिथून पुढे समुद्र आहे. सासरे पँट-शर्ट घालून तयार होते, ते गुपचूप त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी.

"बा समुद्रा म्हाराजा," सासूबाईंनी सुरुवात केली, "ही गाडी न्हय. ही आमची होडी आसा. तारल्याच्या तेलान भिजलेली आसा. ती गोड मानून घे रे म्हाराजा."

व्हय म्हाराजा, आम्ही दोघं म्हणालो. मला हसू आवरत नव्हतं.

"आमच्या ह्येंनी जल्मभर बोटीची इंजिना सांभाळल्यानी. आता ह्येंचे हात थरथरतत. पानो हातात रवणा नाय. ह्ये कोणाक सांगणत नाय, पण माका ठावक आसा आणि तुका ठावक आसा."

माझं हसू तिथल्या तिथे गेलं. घरात जे कोणी कधी बोललं नव्हतं ते त्यांनी भर सकाळी खळ्यात उभं राहून समुद्राला सांगून टाकलं होतं. आणि गाऱ्हाण्याचा नियम असा की वाक्य संपलं की 'व्हय' म्हणायचंच. मला वाटलं सासरे गप्प राहतील. नाहीतर आत निघून जातील.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले. मी त्यांच्याकडे वळून बघत होते, त्यांनी एकट्यानेच म्हटलं.

"ही गेली तर सकाळी उठान ह्येंनी करूचा काय? म्हणान ही होडी सुखरूप किनाऱ्याक लाव, रे म्हाराजा."

व्हय म्हाराजा, आम्ही म्हणालो. नारळ एका फटक्यात फुटला. सासूबाईंनी सगळीकडे पाणी शिंपडलं, चाकांवर, बॉनेटवर, आमच्यावर, आणि न विचारता मागच्या सीटवर चढून बसल्या. आपण येणार हे त्यांनी कधी ठरवलं ते मला ठाऊक नाही. वाटेत धामापूरला भगवतीच्या देवळापाशी मात्र त्यांनी गाडी बरीच अलीकडे थांबवायला लावली आणि उतरून चालत गेल्या. समुद्राला चालेल ते देवीला चालेलच असं नाही, एवढं त्यांनी मला समजावून सांगितलं.

ओरोसला तपासणारे साहेब तरुण होते आणि बोलण्यावरून घाटावरचे. दिवे बघितले, हॉर्न वाजवून घेतला, चढावर हँडब्रेक लावून गाडी उभी करायला लावली. मी उभी केली. गाडी तसूभर हलली नाही. सासरे बाजूला हात मागे बांधून उभे होते आणि मी एकेक चाचणी पुरी केली की नाकातून जोरात श्वास सोडत होते. मग साहेब चेसिसचा नंबर बघायला खाली वाकले आणि तसेच थांबले. उठले ते नाकाला रुमाल लावून. तोवर तिथली दोन कुत्री गाडीच्या मागच्या चाकाशी येऊन शेपट्या हलवत होती.

साहेब मला म्हणाले, ही गाडी मासे वाहतुकीला वापरता का? घरगुती नोंदणीच्या गाडीतून मासळीचा धंदा चालत नाही, अशी गाडी मला पास करता येणार नाही.

ब्रेक नाही, धूर नाही, भोक नाही, आम्ही बुडणार ते वासाने. सासरे पुढे झाले आणि कचेरीतल्या शुद्ध मराठीत बोलायला लागले. घाबरले की ते शुद्ध बोलतात. "साहेब, हे तारल्याचे तेल आहे. पूर्वी होडीस लावीत असत," वगैरे. साहेबांना त्यातलं काही पटलेलं दिसत नव्हतं. मी मागचं दार उघडून दाखवलं तर आत कोकमाचा आणि मसाल्याचा वास, त्याने प्रकरण आणखीच कालवणाकडे झुकलं. मला राग यायला लागला होता, आणि मला राग आला की मी पुढे काय बोलेन त्याची मलाच हमी नसते.

तेवढ्यात सासूबाईंनी खिडकीची काच खाली घेतली. त्या गाडीतून उतरल्याच नव्हत्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "आज माझा सोमवार आहे. गाडीत मासे असते तर मी आत बसले असते काय?"

साहेबांना या पुराव्याचं वजन कळलं नाही, पण भोवती रांगेत उभ्या असलेल्या रिक्षावाल्यांना, टेंपोवाल्यांना आणि टेबलावरच्या कारकुनाला ते बरोब्बर कळलं. सगळे एकदम हसले आणि एकदम बोलायला लागले. कारकून म्हणाला, साहेब, बाई सोमवारच्या आहेत म्हणतात, मग विषय संपला. एका टेंपोवाल्याने त्याच्या आजोबांच्या होडीला कुठलं तेल लावत ते सांगितलं. दुसऱ्याने वाकून आमच्या गाडीखाली बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि तारल्याचंच आहे अशी ग्वाही दिली. शेवटी साहेब गुडघ्यांवर बसले, बॅटरी लावून तळभर बघितलं. वर आले तेव्हा म्हणाले, किनाऱ्याकडच्या इतक्या जुन्या गाडीचा एवढा स्वच्छ तळ मी पाहिला नाही. आणि मग, हे कुणी केलं?

मी सासऱ्यांकडे बोट दाखवलं. त्याच वेळी सासऱ्यांनी माझ्याकडे. साहेब हसले आणि पुढच्या गाडीकडे वळण्याआधी पास म्हणाले.

परतीच्या वाटेवर मी गाणं म्हणत होते. मला गाता येत नाही, पण त्या दिवशी कोणी हरकत घेतली नाही. कुडाळ मागे पडलं, काजूच्या बागा लागल्या. सासूबाईंनी डब्यातले सोमवारचे वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी काढायला घेतली होती, त्यांच्या बांगड्या वाजत होत्या. सासरे माझ्या शेजारी बसले होते. मग त्यांनी विचारलं, किती वर्षं दिली? मी म्हटलं, पाच. ते समोर रस्त्याकडे बघत मनातल्या मनात काहीतरी हिशेब करायला लागले. हात मांडीवर उघडे ठेवलेले होते, थरथरत होते, आणि आज ते त्यांनी लपवले नव्हते.

"गाडयेक पाच वर्सा दिल्यानी," ते हळूच म्हणाले. "म्हणजे माका पण तितकी वर्सा रवाक व्हया."

माझ्या डोळ्यांसमोरचा रस्ता धूसर झाला, मी गाडी जरा बाजूला घेतली. मागे डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला.

"रवा मा," सासूबाई म्हणाल्या. "तुमका जा म्हणान कोण सांगता?"